आईने न ऐकलेले नाव

प्रिय अनिता आणि अजय,

तुमच्या गेल्या पत्रात दोन प्रश्न होते. अजयने विचारले होते, "आजी, कॅन्सर झाला तेव्हा तुला भीती वाटली का?" अनिताने कागदाच्या कडेला, उभ्या ओळीत, बारीक अक्षरात लिहिले होते: "आमच्या संडेस्कूलच्या बाई म्हणाल्या की ज्यांना येशू माहीत नाही ते स्वर्गात जात नाहीत. माझी मैत्रीण शीख आहे. आणि आई सांगते की तुझी आईसुद्धा ख्रिस्ती नव्हती. मग ती आता कुठे आहे?"

शाळेत मी मुलींना सांगत असे की प्रश्न दोन असतील तर उत्तरेही दोन लिहा, एकात एक कालवू नका. इथे मला ते जमणार नाही. त्या आजारात मला जी खरी भीती वाटली, ती अनिताच्या प्रश्नाचीच होती. म्हणून दोघांना मिळून हे एकच लिहिते आहे. अजय, जिथे कंटाळा येईल तिथे सोडून पुढे वाच.

गाठ

त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात अंघोळ करताना डाव्या स्तनात, काखेच्या बाजूला, वाटाण्याएवढी गाठ हाताला लागली. दुखत नव्हती. मी तेव्हा मुख्याध्यापिका होते आणि शाळेचे निकाल लागायचे होते. निकाल लागेपर्यंत मी कोणाला काही बोलले नाही. अनिता, तू असे कधी करू नकोस. निकाल कोणीही लावू शकते.

मिशनच्या इस्पितळातली डॉक्टरीण माझ्याच शाळेत शिकलेली. तपासणीचा अहवाल आला त्या दिवशी मी खोलीत शिरले, तर ती सवयीने खुर्चीवरून उठून उभी राहिली. मग मी बसले तरी ती बसेना.

"बाई, गाठ जरा चांगली नाही."

"जरा म्हणजे काय? पूर्ण वाक्यात सांग."

तिने खाली पाहिले, मग वर पाहिले, आणि म्हणाली, "बाई, तुम्हाला कॅन्सर आहे. लवकर ऑपरेशन करावं लागेल. पूर्ण स्तन काढावा लागेल, मग यंत्राखाली किरणांचा शेक घ्यावा लागेल."

"आता बस," मी म्हणाले. ती बसली आणि रडू लागली. माझ्या पर्समधला रुमाल मी तिला दिला. माझे रडणे त्या दिवशी राहूनच गेले.

परत येताना सायकलरिक्षात तुमच्या आजोबांनी छत्री माझ्यावर धरली होती, आणि त्यांचे स्वतःचे टक्कल मे महिन्याच्या उन्हात तापत होते. ते पोस्टाच्या हिशेब कचेरीत जन्मभर नोकरी केलेले, मितभाषी गृहस्थ. नागपुरातल्या सदरच्या चौकात त्यांनी रिक्षा थांबवली.

"कलिंगड घ्यायचं का?"

"घ्या."

ते कलिंगड मांडीवर घेऊन आम्ही घरी आलो. कितीतरी दिवस ते स्वयंपाकघरात तसेच पडून होते. कापायचे कोणाला सुचले नाही.

मरणाची भीती मला त्या रिक्षात वाटली नाही. मी वयाच्या सोळाव्या वर्षी, स्वतःच्या इच्छेने बाप्तिस्मा घेतला होता, आणि मरण म्हणजे प्रभूकडे जाणे हे मी मनापासून मानत होते, आजही मानते. पण घराच्या वळणावर मनात एक साधा विचार आला: तिथे आणखी कोण कोण असेल? मला वाढवणाऱ्या, मिशनच्या बोर्डिंगच्या मिसबाई असतील. तुमच्या आजोबांचे आईवडील असतील. माझी आई? आणि मी आजवर जे शिकत आणि शिकवत आले होते, त्याप्रमाणे माझी आई तिथे नव्हती. एकदा ती मला सोडून गेली होती, तेव्हा मी लहान होते. आता मी तिला सोडून जाणार होते, आणि तेही कायमचे.

अजय, तुझ्या प्रश्नाचे उत्तर एवढेच. हो, वाटली. ही वाटली.

आई

आम्ही उमरेडचे कोष्टी. घरात शिरल्याबरोबर हातमाग, त्याच्यामागे चूल. बाबा मागावर बसत आणि आई कांड्यांवर सूत भरी, सुताला खळ देई, म्हणजे तांदळाची पातळ पेज करून ताण्याच्या सुताला लावी, म्हणजे सूत ताठ होते आणि विणताना तुटत नाही. मला तिचे हात आठवतात, नेहमी पेजेने चिकट. चेहरा नीट आठवत नाही. मी आठ वर्षांची असताना ती बाळंतपणात गेली.

बाबांना दोन मुले सांभाळणे जमेना. थोरला दादा काकांकडे मागाच्या कामाला राहिला आणि मला कोणाच्या तरी ओळखीने नागपूरला मिशनच्या बोर्डिंगात ठेवले. तिथे मी शिकले, इंग्रजी शिकले, बी.ए. झाले, ख्रिस्ती झाले. दादा हिंदूच राहिला. माझे बोर्डिंगातले नाव शांता. दादा मला अजूनही घरच्या नावाने, यमे म्हणून हाक मारतो. आमचे येणेजाणे कधी तुटले नाही.

आईने मात्र प्रभूचे नाव कधी ऐकलेच नव्हते. तिने ते नाकारले नाही. उमरेडच्या त्या गल्लीत ते नाव कोणी आणलेच नव्हते.

वॉर्ड

ऑपरेशनच्या आधी काही दिवस मला बायकांच्या वॉर्डात ठेवले. दिवस उजाडला की घंटा, मग थर्मामीटर, मग केरळच्या सिस्टर हार्मोनियम घेऊन येत आणि एक गीत, एक वाचन, एक प्रार्थना होई. मला ते बरे वाटे. शेजारच्या खाटेवरच्या कौसल्याबाई त्या वेळी डोक्यावरून पदर घेऊन झोपत आणि आमेन झाले की उठत.

"झालं काय तुमचं?"

"झालं."

"मंग चहा येईल आता."

कौसल्याबाई कुहीकडच्या, धानाची शेती असलेल्या. गर्भपिशवीचे ऑपरेशन झाले होते. छप्पन साली त्यांच्या सगळ्या घराने नागपुरात बौद्ध धर्माची दीक्षा घेतली होती, आणि ते सांगताना त्या खाटेवरही ताठ बसत. एकदा त्यांनी मला सरळ विचारले, "बाई, तुम्ही इतक्या शिकलेल्या, मंग दुपारभर भिंतीकडं तोंड करून काहून पडून राहता? कापतील म्हणून भेव लागते काय?"

मी त्यांना आईचे सांगितले. का सांगितले कोण जाणे. घरात मी ते कोणाला सांगितले नव्हते.

त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "म्हणजे तुमच्या सरगात रेशनकार्ड लागते काय वं? ज्याचं नाव नाही, त्याले साखर नाही?"

मला हसू आले आणि रागही आला. "चेष्टेची गोष्ट नाही, कौसल्याबाई."

"मी कुठं चेष्टा करून राहिली?" त्यांनी खाटेवरची चादर सारखी केली. "माही माय दीक्षेच्या आधीच गेली. दीक्षा घेतल्यावर भावानं घरातले देव कन्हान नदीत सोडले. बरोबरच केलं त्यानं, माहं काही म्हणणं नाही. त्या देवांच्या पायी आमाले गावानं विहिरीवर चढू नाही दिलं. पण त्याच देवाले माय रोज हात जोडे. देव तर नदीत टाकले बाई, मायचे हात कुठं टाकू?"

 चहा आला. पुढे धानाच्या रोवणीचे दिवस जवळ आले म्हणून त्या डॉक्टरांशी भांडून ठरल्याआधीच घरी गेल्या. जाताना माझ्या गालावरून हात फिरवून कडाकडा बोटे मोडून गेल्या. पुन्हा भेट झाली नाही, पण तो प्रश्न त्या माझ्या उशाशी ठेवून गेल्या.

तीन उत्तरे

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी आमचे पाद्रीसाहेब प्रभुभोजन द्यायला आले. तेव्हा ते अगदी तरुण होते, पाद्री घडवणाऱ्या सेमिनरीतून नुकतेच बाहेर पडलेले, आणि झग्याची बाही सारखी मागे सारत. भाकर आणि द्राक्षरस घेऊन झाल्यावर मी त्यांना विचारले, "पाद्रीसाहेब, ज्यांनी प्रभूचे नाव कधी ऐकलेच नाही, त्यांचे काय?"

"शास्त्र स्पष्ट आहे, बाई. दुसऱ्या कोणत्या नावाने तारण नाही."

"माझ्या आईचे विचारते आहे."

त्यांचे बाही मागे सारणे थांबले. ते खोटे बोलणारे गृहस्थ नव्हते. म्हणाले, "बाई, मला तेवढंच ठाम सांगता येतं. पण यावर पूर्वीपासून वेगवेगळी मतं आहेत, हेही सांगायला पाहिजे. काही म्हणतात, प्रभू मेल्यावर मृतांच्या लोकात उतरला तो ज्यांनी ऐकलं नव्हतं त्यांना सुवार्ता सांगायला. काही म्हणतात, ज्याला जेवढा उजेड मिळाला तेवढ्याचाच त्याला जाब विचारला जाईल. अब्राहाम तर येशूच्या कितीतरी आधीचा, त्यालाही येशूचं नाव माहीत नव्हतं, तरी तो स्वर्गात आहे."

"मग अब्राहाम कसा आत?"

"तो वचनाची वाट पाहत होता."

"माझी आई कशाची वाट पाहत होती, ते कोणी विचारले आहे का?"

"आमच्या सेमिनरीतही यावर एकमत नव्हतं, बाई," ते म्हणाले, आणि मला त्यांची दया आली.

ते गेल्यावर रूथ बोलली. रूथ म्हणजे तुमच्या आजोबांची थोरली बहीण, लग्न न केलेली. ती आमच्याकडेच राहत होती. आयुष्यभर तिने खेडोपाडी पायी हिंडून बायकांना शास्त्र सांगितले होते, शिव्या आणि कुत्री अंगावर घेतली होती. खाटेच्या पायथ्याशी बसून तिने आमचे सगळे बोलणे ऐकले होते.

"शांता, तू पाद्रीला पेचात पकडू नकोस. आपल्या सोयीनं शास्त्र बदलत नाही."

"मी बदला म्हणत नाही, ताई. विचारते आहे."

"मग मी विचारते. न ऐकता सगळे तरत असतील, तर मी जन्मभर उन्हात कशाला हिंडले? सांग की."  मला त्या वेळी कळले की हा प्रश्न माझ्या एकटीचा नाही. माझ्या हातची माझी आई जात होती आणि तिच्या हातचे तिचे सगळे आयुष्य. आम्ही दोघी एकाच खाटेच्या दोन टोकांना बसून एकमेकींना घाबरवत होतो.

तुमचे आजोबा खिडकीपाशी उभे होते. ते धर्मावर कधी बोलत नसत. आमच्या चर्चच्या देवळात दानपेटीचा हिशेब ठेवत, तेवढाच त्यांचा धर्म आहे असे लोक थट्टेने म्हणत. ते बाहेर पाहतच म्हणाले, "ज्यानं शांताच्या आईला उमरेडला जन्माला घातलं, त्याला उमरेड कुठे आहे ते ठाऊक नव्हतं का?"

"तू गप रे," रूथ म्हणाली.



दादा

ऑपरेशनचे मी काही लिहीत नाही. शुद्धीवर आले तेव्हा छातीवर घट्ट पट्टे होते, बाजूला नळी होती, आणि डावा हात माझा नसल्यासारखा होता. पहिल्यांदा पट्टी सोडली तेव्हा मी पाहिले नाही. दुसऱ्यांदा पाहिले. पाहिल्यावर वाटले होते त्यापेक्षा कमी वाईट वाटले. हे मी मुद्दाम लिहिते, कारण न पाहण्याचे दिवसच जास्त जड गेले.

दादा उमरेडहून एस.टी.ने आला. धोतर, वर बंडी, हातात कापडाची पिशवी. त्याने पिशवीतून कागदाची पुडी काढली.

"देवीचा अंगारा आणला, यमे. नवस बोललो."

रूथ ताडकन उठली. "ते इथे चालायचं नाही. हे मिशनचं इस्पितळ आहे."

दादाने पुडी माझ्यापुढे धरली. मी म्हणाले, "दादा, मी कपाळाला लावणार नाही. तुला माहीत आहे."

"नको लावू वं. तुले कोण लाव म्हणते?" त्याने पुडी उघडली, चिमूटभर अंगारा घेऊन स्वतःच्या कपाळावर ओढला. "मीच लावतो, तुया नावानं. मले तर कोणी मनाई नाही केली ना, बाईसाहेब?"

रूथने तांब्या उचलला. ती पाणी आणायला गेली.

मी त्याला विचारले, "दादा, आई तुला आठवते?"

"न आठवाले काय झालं? मी तेरा वर्साचा होतो." तो हसला. "तुले तो खळीचा किस्सा माहीत आहे की नाही?"

मला माहीत नव्हता. त्याने जो सांगितला तो असा. एका वाईट साली घरात धान्य नव्हते. खळीपुरते मूठभर तांदूळ तेवढे बाबांनी राखून ठेवले होते. आईने त्याची पेज चुलीवर ठेवली आणि दारात एक बाई आली, कडेवर पोर घेऊन. पोर रडतही नव्हते, इतके गळालेले. आईने ती सगळी पेज त्या दोघांना पाजली. मग बिनखळीचे सूत मागावर चढले आणि हात लावला की तुटू लागले.

"बा जो भडकला वं! साऱ्या गल्लीनं ऐकलं. माय काही बोले ना. दिवसभर तुटले धागे जोडत बसली, एकेक गाठ मारत. मी म्हटलं, माय, काहून दिलं? ते बाई ना आपल्या जातीची, ना गावची. तर म्हणे, पोट तर होतं ना तिले." दादा पुन्हा हसला. "ते लुगडं कोणी घेतलंच नाही. गाठीच गाठी. मंग मायनंच नेसलं. आन् ती गेल्यावर तुई गोधडी त्याचीच तर शिवली होती, बोर्डिंगात नेली ते."

ती गोधडी मला आठवली. बोर्डिंगातल्या पहिल्या दिवसांत मी तिच्यावरून बोटे फिरवत पडून राही आणि बोटांना बारीक बारीक गाठी लागत. मला वाटे, जुने कापड असेच असते.

दादा गेल्यावर मला पडल्या पडल्या शास्त्रातली शेवटच्या न्यायाची गोष्ट आठवली. तुम्हाला ती येते. प्रभू उजवीकडच्या लोकांना म्हणतो की मी भुकेला होतो, तुम्ही मला खायला दिले. मी ही गोष्ट कितीदा शिकवली असेल, आणि दर वेळी मुलींना सांगितले की म्हणून गरिबांना मदत करा. त्या गोष्टीतले ते लोक चकित होतात, हे मी वाचले होते पण पाहिले नव्हते. ते विचारतात, आम्ही तुला कधी पाहिले? म्हणजे त्यांनी त्याला ओळखलेच नव्हते. त्याने मात्र त्यांना ओळखले होते.

यातून सगळे सिद्ध होते असे मी म्हणत नाही. पाद्रीसाहेबांनी सांगितलेले वचनही त्याच शास्त्रात आहे आणि मी ते खोडून टाकू शकत नाही. पण त्या दुपारपासून मी भिंतीकडे तोंड करून पडले नाही.

वेणी

शेकाचे दिवस लांबले. रोज रिक्षाने जायचे, रांगेत बसायचे, त्या मोठ्या यंत्राखाली एकटीने पडायचे. कातडी काळवंडली, तोंडाची चव गेली. हात वर होत नसे. डॉक्टरणीने भिंतीवर बोटे चालवत नेण्याचा व्यायाम सांगितला होता. मी खडूने भिंतीवर खुणा करी आणि कालच्या खुणेपर्यंत हात पोचला नाही तर स्वतःवर चिडे. तुमचे आजोबा ओल्या फडक्याने ती खूण हळूच पुसून थोडी खाली काढत. मला ते फार नंतर समजले.

हात वर जात नसल्याने वेणी घालता येत नव्हती. मी केस कापून टाका म्हटले. रूथ म्हणाली, "गप बस." रोज सकाळी ती माझ्या मागे बसे, तेल लावी, गुंता सोडवी. खेड्यापाड्यांतल्या बायकांना नरकाचे भय घालून आलेली ही बाई, पण माझा एक केस तिने कधी ओढला नाही. आम्ही त्या विषयावर बोलत नव्हतो. फक्त एकदा मी म्हणाले, "ताई, तुमचं हिंडणं वाया गेलं असं मला वाटत नाही. अंधारात कोणी घास भरवला तर पोट भरतंच. पण तो हात कोणाचा हे ज्याला दिसतं, त्याचं सुख वेगळं. मला ते दिसलं, तुमच्यासारख्या बायकांमुळे."

 वेणी त्या दिवशी जरा घट्ट बसली.

उपकारस्तुती

दुखण्यातून उठले की आपल्याकडे घरी उपकारस्तुती करतात. तुम्ही राहता तिकडे ती पाहिली नसेल. पाद्री येतात, शेजारीपाजारी येतात, गीत, वाचन, आणि मग पाद्री एकेकाचे नाव घेऊन देवाचे आभार मानतात. नंतर चहा आणि चिवडा. आमची झाली तेव्हा संत्र्यांचा हंगाम नुकताच लागला होता, म्हणून ताटलीत फोडीही होत्या. चिवडा रूथने केला.

दादाही आला होता. तो नवा सदरा घालून भिंतीला टेकून बसला आणि तुमच्या आजोबांना म्हणाला, "जवाईबापू, मले काही समजत नाही तुमच्यातलं. मी कवा काय करू, ते सांगून ठेवा."

"काही नाही. डोळे मिटून बसा. पाद्रीसाहेब थांबले की आमेन म्हणा, बस."

"मोठ्यानं?"

"मोठ्यानं."

मी पाद्रीसाहेबांना व्हरांड्यात गाठले. "एक विनंती आहे. नावे घ्याल त्यात माझ्या आईचेही घ्या."

ते अवघडले. "बाई, आपण मृतांसाठी प्रार्थना करत नाही."

"तिच्यासाठी काही मागू नका. तिच्याबद्दल उपकार माना. तिने मला जन्म दिला, एवढे तरी मानता येईल ना?"

त्यांनी विचार केला. बाही मागे सारली. "हो, तेवढं येईल. नाव काय त्यांचं?"

मी सांगितले.

आता आपल्या पाद्र्यांची प्रार्थनेची एक रीत असते. पुरुषाचे नाव घेताना तुझा दास अमुक, आणि बाईचे घेताना तुझी दासी अमुक. ही रीत अर्थात बाप्तिस्मा झालेल्या आपल्या लोकांपुरती. पाद्रीसाहेब सावध होते. तुझी दासी डॉक्टरीणबाई, हिच्या हातांबद्दल. तुझा दास, या घरचा कर्ता, याच्या धीराबद्दल. तुझी दासी रूथ, हिच्या सेवेबद्दल. मग दादाकडे आले तेव्हा म्हणाले, उमरेडहून आलेल्या या बांधवाबद्दल. दास म्हणाले नाहीत. मी डोळे मिटून ऐकत होते आणि ते किती जपून पाऊल टाकतात हे मला कळत होते.

"आणि प्रभो, जिने तुझ्या या लेकराला जन्म दिला, पाजलं, वाढवलं, ती तुझी दासी भागीरथी..."

आणि ते थांबले.

 मी डोळे उघडले. पाद्रीसाहेबांचेही उघडे होते आणि चेहरा लाल झाला होता. रूथने मान वर केली होती. पुढचा शब्द त्यांना सापडत नव्हता, की मागचा कसा उचलावा हे सापडत नव्हते, देव जाणे.

"आमेन!" दादा म्हणाला. मोठ्याने, सांगितले होते तसे.

आणि आमेन ऐकल्यावर आपली माणसे थांबत नाहीत. शेजारचे म्हणाले, तुमचे आजोबा म्हणाले, मी म्हणाले. सगळ्यात शेवटी, हळू आवाजात, रूथ म्हणाली.

चहाच्या वेळी पाद्रीसाहेब माझ्याजवळ आले. "बाई, सवयीनं तोंडातून गेलं."

"परत घ्यायचे आहे का?"

त्यांनी दादाकडे पाहिले. तो चिवड्यातले शेंगदाणे वेचून खात होता. "आमेन झाल्यावर कसं परत घेणार?" ते म्हणाले, आणि त्यांनी संत्र्याची फोड उचलली.

दुसऱ्या दिवशी सकाळी रूथ नेहमीसारखी माझ्या मागे तेलाची वाटी घेऊन बसली. तिने केसांचे तीन पेड वेगळे केले.

"भागीरथी," ती म्हणाली. "चांगलं नाव आहे."

"हो."

"इतकी वर्षं एका घरात राहिलो, शांता. मी तुला ते कधी विचारलंच नाही."

अनिता, ती कुठे आहे हे मला ठाम सांगता येत नाही. ज्याला सांगता येते त्याच्यावर मी तिला सोपवले आहे, आणि मला आता भीती वाटत नाही. तुझ्या मैत्रिणीचेही मी तसेच केले आहे. पण तू मला माझी आई कुठे आहे हे विचारलेस, नाव विचारले नाहीस. तुझ्या आईलाही मी ते कधी सांगितले होते की नाही, आठवत नाही. म्हणून इथे पुन्हा एकदा, नीट अक्षरात लिहिते.

भागीरथी.

तुमची,
आजी